आत्याबाई गप्प होत्या तेव्हा

लग्न होऊन नांदेडला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, स्वयंपाकघरात कुणीतरी पाहुणं आलंय. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुणाशी तरी बोलत होत्या.

"रातचं वरण उरलंय बग. फेकायचं न्हाई म्हनतोस? बरं, देते फोडणी. आन् त्या शेजारणीच्या पाठीचं काय करून राहिलास तू? किती दिस झाले तिला तकलीफ हाय."

मी ओढणी नीट करून आत गेले. आत्याबाई एकट्याच होत्या. समोर कढई, हातात उलथनं.

"कुणाशी बोलत होता?" मी विचारलं.

"देवाशी," त्या म्हणाल्या आणि लगेच, "तू चहात साखर किती घेतीस?"

मी लातूरच्या एका चर्चच्या पाळकाची मुलगी. पप्पांची मंडळी लहान होती, पण निलंगा, देवणीकडच्या गावांतही चारदोन ख्रिस्ती घरं असायची आणि पप्पा एसटीनं तिकडं जात-येत असायचे. घरी असले की संध्याकाळी टीव्ही बंद व्हायचा, सतरंजी अंथरली जायची आणि कौटुंबिक प्रार्थना सुरू व्हायची. "हे परम कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझी अयोग्य लेकरे तुझ्या चरणांशी नम्र होतो..." पप्पांचा आवाज भारदस्त होता. त्यांच्या वाक्यांना एक चाल होती आणि ती मी लहानपणीच उचलली. फ्रॉक घालायच्या वयात मी अशी प्रार्थना करायचे की मंडळीतल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या. पण देवाला काही सांगावं, असं मला कधी वाटलं नव्हतं. प्रार्थना ही छान म्हणायची गोष्ट आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

आत्याबाईंचं काही वेगळंच. त्या उदगीरकडच्या. एका दवाखान्यात आया म्हणून आयुष्य काढलेलं. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा त्यांनी एकटीनं वाढवला. त्या सगळ्या वर्षांत बोलायला माणूस नव्हतं, म्हणून त्या देवाशी बोलायला लागल्या असतील, असा माझा अंदाज होता. एकदा तसं मी त्यांना म्हणाले, तर त्या हसल्या. "न्हाई गं. मालक होते तवाबी बोलायचे. मालक म्हनायचे, माझ्यासंग जितकं बोलत न्हाईस तितकं त्याच्यासंग बोलतीस."

पहिलं वर्ष मला या सगळ्याची गंमत वाटली. मी शाळेत मराठी शिकवायचे, रविवारी उपासनेला जायचे, बायकांच्या सभेत प्रार्थना करायचे. तिथं सगळ्या माझ्या प्रार्थनेचं कौतुक करायच्या. आत्याबाईही करायच्या. "आमची सून लई ग्वाड बोलती," असं अभिमानानं सांगायच्या.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात बाळ गेलं.

मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. देवाची इच्छा, म्हणाल्या. देव देतो, देव नेतो, म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी प्रार्थना केली, मी आमेन म्हटलं. आत्याबाईंनी आळिवाची खीर करून वाटीत घातली आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. नंतर स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. "हे तू बरं न्हाई केलंस. सांगून ठेवते. हे तुला शोभलं न्हाई."

मी कुशीवर वळले आणि कानावर उशी घेतली. देवाशी असं बोलतात का, म्हणून मला राग आला. खरं तर हेवाही वाटला असेल, पण ते तेव्हा कळलं नाही.

पुढं सगळं सुरळीत चाललं. मी शाळेत रुजू झाले. सभेत पुन्हा प्रार्थना करू लागले. शब्दाला शब्द बरोबर लागायचा आणि आत काहीही हलायचं नाही. नवरा विचारायचा, "बरी हायस ना?" मी म्हणायचे, "हो." बाळाबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नाही.

मग आत्याबाईंचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून त्यांनी हळदीचं दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळलं. आवाज सुटेना. शेवटी डॉक्टरांनी बघितलं, तर स्वरयंत्रावर लहानशी गाठ निघाली. ती काढली. तपासणीत वाईट काही सापडलं नाही, तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण डॉक्टरांनी बजावलं, "मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. कुजबुजण्यानं जास्त ताण येतो."

आत्याबाईंनी डॉक्टरांकडे असं बघितलं, जणू त्यांचं जेवणच बंद केलं होतं.

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी मी ओट्यापाशी उभी होते. आत्याबाईंनी माझा दंड धरला. स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं, मग वर छताकडे दाखवलं, मग माझ्याकडे. मी पंखा लावला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा तेच केलं. तोंड, वर, मी. मी पंखा आणखी वाढवला.

माझा नवरा दारात बुटाच्या नाड्या बांधत होता. तो म्हणाला, "अगं, तिला म्हणायचंय तू बोल. देवाशी. तिच्या ऐवजी."

आत्याबाईंनी जोरजोरात मान हलवली.

मी हात जोडले, डोळे मिटले. "हे परम कृपाळू स्वर्गीय पित्या..." एवढं म्हणते तोच माझ्या पापणीला ओलं बोट लागलं. आत्याबाईंनी माझा डोळा उघडला होता. जोडलेले हात सोडवून त्यांनी त्यात मेथीची जुडी दिली आणि खाली बसायची खूण केली.

मी बसले. मेथी निवडायला लागले. शेवटी म्हणाले, "देवा, मी मेथी निवडतेय."

आत्याबाईंनी, लहान मुलाला पहिलं अक्षर जमल्यावर हलवावी तशी मान हलवली.

"मेथी जून आहे," मी म्हणाले.

त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग मीही हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्या घरात मोठ्यानं हसले असेन.

तसं ते सुरू झालं. सकाळी पोळ्या करताना, शाळेतून आल्यावर भांडी लावताना मी बोलायचे. आज मुख्याध्यापिका माझ्यावर उगीच ओरडल्या. सातवीतली एक पोरगी शाळेत येईना झालीय, तिचं लग्न तर ठरवत नसतील? नळाला पाणी आलं नाही. विषय संपला की आत्याबाई चमच्यानं ताटलीवर टकटक करायच्या, म्हणजे पुढं बोल. शेजारणीचं काही सांगायचं राहिलं तर स्वतःची पाठ धरून दाखवायच्या.

पहिले दिवस मी खरं म्हणजे आत्याबाईंनाच सांगत होते, नुसतं सुरुवातीला 'देवा' लावून. एकदा मुख्याध्यापिकांची तक्रार अर्ध्यावर आली होती आणि मी मागं वळून बघितलं, तर आत्याबाई केव्हाच गच्चीवर कपडे काढायला गेल्या होत्या. मी एकटीच बोलत होते. आणि मला थांबावंसं वाटलं नाही. "तर काय म्हणत होते मी," असं म्हणून मी पुढचं सांगितलं.

त्यानंतरचा एक रविवार. त्या दिवशी उपासनेत एका बाळाचा बाप्तिस्मा झाला होता. घरी आलो तर शेजारीण अर्धापूरच्या माहेरून कच्च्या केळ्यांच्या फण्या घेऊन आली होती. त्यातली एक तिनं आम्हाला दिली. दुपारी आम्ही दोघी वेफर्स करायला बसलो. चिकानं बोटं काळी पडतात म्हणून हाताला तेल लावलं. आत्याबाई सोलत होत्या, मी किसणीवर काप पाडत होते आणि नेहमीसारखी बोलत होते.

"देवा, आजचं बाळ छान होतं. डोक्यावर पाणी पडलं तरी रडलं नाही. त्याच्या आईनं पिवळी साडी नेसली होती. बाळाला पांढरं झबलं." किसणी चालू होती. "आमच्या बाळालाही आत्याबाईंनी झबलं शिवलं होतं. ते अजून कपाटात आहे. तुला माहीत आहे ना? तुला सगळंच माहीत असतं. मग तेव्हा कुठं होतास तू?"

माझा हात थांबला, पण तोंड थांबेना.

"मी दवाखान्यात त्या पलंगावर पडून तुला हाका मारत होते. चांगल्या शब्दांत मारत होते, पप्पांनी शिकवलेल्या. तू आला नाहीस. कुणीच आलं नाही. आणि तेव्हापासून मी सभेत उभी राहून तुझे आभार मानतेय. गोड गोड बोलतेय. मला नाही मानायचे तुझे आभार. मला माझं बाळ पाहिजे होतं."

मी ओरडत होते. आत्याबाईंनी उठून तेलाखालचा गॅस बंद केला आणि त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना बोलता आलं असतं तर त्या काहीतरी बोलल्या असत्या. "रडू नको बाय," म्हणाल्या असत्या, आणि मी डोळे पुसून उठले असते. पण त्यांना बोलायची मनाई होती, म्हणून मला शेवटपर्यंत रडावं लागलं. त्यांचा तेलकट हात माझ्या पाठीवर फिरत होता. दाराशी काहीतरी हललं. माझा नवरा उंबऱ्यावर बसला होता, गुडघ्यात तोंड घालून. तोही रडत होता. मी त्याला रडताना पहिल्यांदा बघितलं.

देवाचा आवाज वगैरे आला नाही. पण आपण बोलत असताना शेजारच्या खोलीतलं माणूस हातातलं काम थांबवून ऐकतंय, हे जसं आपल्याला न बघता कळतं, तसं काहीतरी मला त्या दुपारी कळलं. माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं. मला कुणी दुरुस्त करत नव्हतं. ऐकत होतं.

त्या दिवशी चहा झाल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको बाळाबद्दल बोललो. मुलगी असती तर नाव काय ठेवलं असतं, ते त्यानं मला सांगितलं. त्यानं नाव ठरवलेलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. वेफर्स त्या दिवशी झालेच नाहीत. काप काळे पडले.

त्यानंतर मी बायबलमधली स्तोत्रं पुन्हा वाचायला घेतली. लहानपणापासून पाठ होती, पण त्यांतली माणसं देवाशी किती भांडतात, हे मी पाठांतराच्या नादात कधी बघितलंच नव्हतं. बायकांच्या सभेत माझी प्रार्थना लहान झाली. कधी कधी मी मध्येच अडकायचे. एका बाईनं माझ्या नवऱ्याला विचारलंही, "सूनबाईंची तब्येत बरी आहे ना?"

डॉक्टरांनी आत्याबाईंना बोलायची परवानगी दिली तेव्हा मी सोबत होते. "बोला आता, हळू," ते म्हणाले. आत्याबाईंनी घसा खाकरला नाही, खाकरायचा नाही असं सांगितलेलं होतं. त्या जपून म्हणाल्या, "हाव." आवाज जाडसर, अनोळखी होता. बाहेर रिक्षात बसल्याबरोबर त्यांनी सुरुवात केली. "काय रे, वळखलास का आवाज? आता असाच राहील म्हनं."

रिक्षावाल्यानं मान मागं वळवली. "मला म्हणताय का, मावशी?"

"न्हाई बाबा, तू समोर बग."

मी तोंडावर स्कार्फ घेऊन हसत होते. आत्याबाईंनी माझ्या मांडीवर थाप मारली. "तू लई भांडतीस त्याच्यासंग," त्या म्हणाल्या. "माझ्यापरीस जास्त. ऐकून ऐकून मलाच वाटायचं, बास कर की गं."

"मग थांबवलं का नाही?"

"कसं थांबवू? तोंड बंद होतं नव्हं."

दिवाळीच्या सुट्टीत मी लातूरला गेले. मम्मी गेल्यापासून पप्पा एकटेच राहतात. मी आले म्हणून संध्याकाळी सतरंजी अंथरली गेली, तीच जुनी प्रार्थना झाली, त्याच चालीत. मला वाटलं, पप्पांना आता काय सांगणार? त्यांनी बाळाविषयी माझ्याशी एकदाही बोलणं काढलं नव्हतं. ते विसरले, असंच मी धरून चालले होते.

सकाळी उठले तर पप्पा मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. मी चहा विचारायला दारापर्यंत गेले आणि त्यांचा आवाज ऐकून थांबले.

"आणि हे दयाळू पित्या, माझ्या कन्येचे जे लेकरू तू आपल्याजवळ घेतलेस, त्यास तुझ्या सान्निध्यात खेळव. त्यास ऊब दे. आणि माझ्या कन्येचे तुजवरील रुसणे तू मनास लावून घेऊ नकोस."

मी चौकटीला धरून उभी राहिले. त्यांचं आमेन झाल्यावर पुढं गेले.

"पप्पा, हे रोज म्हणता?"

ते दचकले. मग म्हणाले, "रोज."

"मला कधी सांगितलं नाही."

"तुला काय सांगायचं? त्याला सांगत होतो."

"मी रुसलेय हे तुम्हाला कसं कळलं?"

"फोनवर तू फारच गोड बोलायला लागली होतीस," पप्पा म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी पायरीवर बसले. त्यांना मेथीचं सांगितलं, केळ्यांचं सांगितलं, मी देवाला काय काय बोलले तेही सांगितलं. वाटलं होतं ते गंभीर होतील. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या सासूबाईंसारखं मला नाही येत गं. मी देवापुढं जाताना इस्त्रीचा शर्ट घालून जातो. सवय आहे. पण शर्टाच्या आत मीच असतो."

मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "चल, तू आलीच आहेस तर आज तू म्हण. तुझ्या पद्धतीनं."

मी म्हणाले, "देवा, पप्पांच्या बीपीच्या गोळ्या संपून आठवडा झालाय. रिकामं पाकीट मी खिडकीत बघितलंय आणि ते मला सांगत नाहीत."

पप्पांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मग तो मिटून ते आपल्या भारदस्त आवाजात म्हणाले, "आमेन. आज आणतो."