पूजेतला पाना

बोल्ट आवळायच्या पान्यांचा तो जुना ब्रँड पुण्याच्या नव्या मालकांनी विकत घेतला, तेव्हा त्या नावाचा माल बरीच वर्षं परदेशातून येत होता. त्यांनी तो पुन्हा चेन्नईत बनवायला घेतला. तपासणी माझ्याकडे होती. पहिले पाने तयार झाल्यावर मालकांनी शहरातल्या एग्मोर भागातल्या एका जुन्या विक्रेत्यांना बोलावलं, ते नेमकं आयुधपूजेला. हत्यारांची ही पूजा दसऱ्याला असते, अशी पुण्याच्या सवयीने त्यांची समजूत होती. इथे ती आदल्या दिवशी असते. सगळे पाने चंदन-कुंकू लावून मांडलेले होते.

विक्रेते तंजावूरकडचे मराठी. "परदेशी पान्यांचे जबडे फाकले. गिऱ्हाइकांनी पाने माझ्या अंगावर फेकले. हाही फाकला, तर हे नाव दुकानात नको."

मालकांनी पाना उचलायला हात पुढे केला. विक्रेत्यांनी त्यांना अडवलं.

"सार, हात काढा! आज पूजेतल्या हत्याराला सुट्टी. उद्या येतो, पळून जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी विक्रेत्यांनी गंजलेल्या बोल्टला पाना लावला, दांड्यावर पाइप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कडकन आवाज झाला. मालकांनी डोळे मिटले. मी जबड्यात मापाचा गेज घालून पाहिला. जबडा फाकला नव्हता. बोल्ट तुटला होता.

"या मालासाठी दुकानातली फळी रिकामी करून ठेवतो," विक्रेते म्हणाले.