गालाजवळचा कापूस

कशेळ्याच्या दवाखान्यातल्या आमच्या थोरल्या नर्सबाईंचा तोंडावरच्या फडक्यावर काडीचा विश्वास नव्हता. आम्ही फडकं बांधलं की त्या चिमूटभर कापूस आमच्या गालाजवळ धरायच्या आणि म्हणायच्या, "सोड श्वास." कापूस हलला की मान हलवायच्या. "कडेनं हवा जाते गं. येते पण तिथनंच."

मी तेव्हा नवी नर्स होते, पोटुशी होते आणि शहाणपण तर अंगात मावत नव्हतं. डोंगरातल्या वाडीत गोवर आला, तेव्हा मी गॉजच्या चांगल्या जाड घड्या घालून फडकं बांधलं. नाकात माझी टपोरी चमकी, तिच्यावर ते तंबूसारखं उभं राहिलं. मला वाटलं, आता गोवराची काय बिशाद!

आजारी पोराच्या झोपडीच्या दाराशी बाईंनी माझ्या गालाजवळ कापूस धरला. तो हलला कसला, नाचलाच.

"लहानपणी गोवर आलेला का तुला?"

"नाय."

"मंग भाईरच बस. पोटातल्याचा तरी इचार कर. पाणी उकळ."

मी फुरंगटले. "तुमी धरा की सोताच्या गालाशी!"

त्यांनी धरला. कापूस हलला. आत पोर धापा टाकत होतं.

मी घाबरून विचारलं, "बाई, तुमाला आलेला का गोवर?"

"आईला इचारायचं राह्यलं बघ," म्हणत त्यांनी आपल्या फडक्याची गाठ आणखी आवळली आणि वाकून आत गेल्या.

लगेच आतून हाक आली, "चूल पेटली का गं, का बसलीस रडत?"