बोट लागतली काय?

लालबागला जिथे आमची चाळ होती, तिथे आता टॉवर आहे. चाळीतल्या खोलीच्या बदल्यात आईला तेविसाव्या मजल्यावर घर मिळालं. घर आईच्या नावावर आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या घरात आईला कोणी काही विचारत नाही. माझा धाकटा भाऊ, भावजय आणि भाची तिथे राहतात, आणि आईही राहते.

एका रविवारी मी ठाकूरद्वारहून त्यांच्याकडे जेवायला गेले होते. बांगड्याचं तिखलं होतं, आईच्या हातचं. पहिला घास घेतला आणि भावजयीने जाहीर केलं, यंदा सगळ्यांनी मिळून क्रूझवर जायचं. तिच्याकडे दोन क्रूझ होत्या. एक लक्षद्वीपची. बेट, निळं पाणी, पांढरी वाळू. दुसरी मुंबईहून गोव्याला जाणारी, आणि तिच्या जाहिरातीत लिहिलं होतं 'कोकण किनाऱ्याचं विलोभनीय दर्शन'. भावाने तिथल्या तिथे फॅमिली ग्रुपवर पोल टाकला, बेट की किनारा. समोरासमोर बसलेली माणसं, उजवे हात खरकटे, आणि डाव्या हाताने मोबाईलवर मतं देतायत! तोंडं काय भाड्याने दिली होती? आई त्या ग्रुपवर नाही. तिच्याकडे बटणांचा फोन आहे.

तरी तिने मान वर केली. "ती गोव्याची बोट खंयसून जातली?"

"आपल्या गावावरूनच, किनाऱ्याकिनाऱ्याने," भाऊ म्हणाला.

आईचा हात ताटातच थांबला. मग तिने विचारलं, "बोट लागतली काय रे झिला?"

"लागते ना कोणाकोणाला," भाऊ म्हणाला. "आता गोळ्या मिळतात." भाचीने ओकारीचा आवाज काढून दाखवला आणि सगळे हसले. मीही हसले. आई ताट उचलून आत गेली.

पोलमध्ये बेट जिंकलं. एकमताने. किनारा काय बघायचा, जन्मभर तोच बघतोय, असं भावजय म्हणाली, आणि मला ते पटलं. गिरगाव चौपाटीचं मातकट पाणी बघून डोळे विटले होते. एकदा तरी निळं पाणी बघावं, तळ दिसतो म्हणतात. मी बेटावर टिचकी मारली.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. "ताई, आईला नको न्यायला. तिनेच विचारलं ना बोट लागेल का म्हणून. घाबरलीय ती. एकोणऐंशी वय, उलट्याबिलट्या झाल्या तर भर समुद्रात डॉक्टर कुठून आणायचा? तिला मावशीकडे ठेवू चार दिवस. तू सांग तिला, तुझं ऐकते ती."

'ठेवू' म्हणाला. बॅग ठेवतात तसं. मी त्याला तेव्हाच झापायला हवं होतं. पण मी काय म्हणाले? "बघू."

पुढच्या शनिवारी आईला घेऊन परळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तिला काचबिंदू आहे. तिची नजर कडेकडेने कमी होत चाललीय, आणि आता मधलंही धूसर व्हायला लागलंय. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, हे डॉक्टर दर वेळी सांगतात. त्या दिवशी त्यांनी कागद पुन्हा पुन्हा बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांना काही बघायचं असेल तर दाखवून घ्या. वर्षभर थांबू नका." मी मान डोलावली. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "हिंदमाताक जाव्या. लुगडा घेवचा हा."

दुकानात तिने सुती, फिकट निळी साडी निवडली. कापड बोटांत धरून चोळून बघितलं. "ही बरी. बोटीवर वाऱ्यान उडाची नाय."

मी गारच पडले. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते आज करते, उद्या करते असं ढकलत होते. दुकानदार साडीची घडी घालत होता. मी म्हटलं, "आई, तुला नाही नेत आहेत गं. तुला बोट लागते ना, म्हणून."

"माका?" तिचा आवाज असा चढला की शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. "माका बोट लागता? कोण मेलो सांगता? लहान असताना पडावात बसान मी बापाशीवांगडा जाळी ओढलंय!"

"अगं, तूच विचारलंस ना, बोट लागेल का म्हणून?"

"आपल्या बंदराक!" आई म्हणाली. "बोट आपल्या बंदराक लागतली काय, ह्या इचारलंय मी! धक्क्याक!"

मी म्युनिसिपल शाळेत तीस वर्षं मराठी शिकवते. एका शब्दाचे दोन अर्थ लिहा, असा प्रश्न दर परीक्षेला काढते. बोट लागणे म्हणजे मळमळणे आणि बोट लागणे म्हणजे धक्क्याला येऊन टेकणे, हे सातवीतलं पोरगं सांगेल. आणि माझी सख्खी आई जेवताना एक साधा प्रश्न विचारते, तर मला त्यात फक्त ओकारी ऐकू येते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. भावाची गोष्ट नंतर, आधी मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मग तिथेच, साड्यांच्या ढिगासमोर बसून तिने सांगितलं. लग्न झाल्यावर ती बोटीने मुंबईला आली. तेव्हा कोकणातली माणसं बोटीनेच यायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायची. आमच्या गावाला लहानसं बंदर होतं, धक्का होता, बोट त्याला लागायची. तिचे वडील निरोप द्यायला धक्क्यावर आले होते. मे महिना, टळटळीत ऊन. बोट सुटली तसे ते छत्री उघडून उभे राहिले, म्हणजे लेकीला लांबून ओळखू यावं. आई कठड्याला धरून बघत राहिली. माणूस बारीक बारीक होत गेला. त्याच पावसाळ्यात ते गेले. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, त्यामुळे तिला जाताही आलं नाही. पुढे आई एसटीने कितीतरी वेळा गावी गेली, धक्क्यावर जाऊन उभीही राहिली.

"पण धक्क्यार उभा रवला काय धक्को दिसना नाय गो," ती म्हणाली. "तो पाण्यातनाच दिसता. एकदा बघूचो होतो, डोळे आसत तवसर."

दुकानातून बाहेर पडून मी हिंदमाताच्या फुटपाथवरूनच भावाला फोन लावला. वर पूल, खाली हॉर्न, त्यामुळे ओरडायला मोकळीक होती. सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "ताई, पण बुकिंग झालंय. आणि तिने नीट सांगायचं ना!"

"नीट? अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासून ती असंच बोलते! पोलबिल टाकून मतं घेतोस आणि जिने ताटं वाढली तिला विचारायला जीभ झडली तुझी?"

"तू पण बेटालाच मत दिलंस," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. खरं होतं ते, म्हणून जास्तच चिडून ठेवला.

घरी येऊन त्या किनाऱ्याच्या क्रूझवाल्यांना फोन केला. म्हटलं, खड्ड्यात गेलं बेट, आईला घेऊन मी एकटी जाते गोव्याला. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, बीच में कोई स्टॉप नहीं है." मी विचारलं, निदान अमुक बंदर दिसेल ना लांबून? तिने ते नाव तीनदा विचारलं, तिसऱ्यांदाही चुकीचं म्हटलं. मग म्हणाली, बोट खोल समुद्रातून जाते, आणि तो पट्टा येईपर्यंत अंधार पडलेला असतो. "बट मॅम, हमारा डेक पार्टी बहुत अच्छा है." म्हणजे किनाऱ्याचं दर्शन घडवणारी बोट किनाऱ्याजवळ जातच नाही! ज्या पाण्यावरून आमच्या आयाबाया डोक्यावर ट्रंका घेऊन पोटासाठी मुंबईला आल्या, त्याच पाण्यावर आता डीजे लावून नाचायचं, आणि बाजूला काय आहे ते बघायचंसुद्धा नाही. मी त्या मुलीला नको ते बोलले. तिची काही चूक नव्हती, हे मला बोलतानाच कळत होतं.

शेवटी भावाचं कुटुंब लक्षद्वीपला निघालं त्याच आठवड्यात मी क्रूझवरची माझी जागा सोडून दिली, शाळेत रजा टाकली आणि आईला रेल्वेने गावी नेलं. आईच्या मावसभावाच्या नातवाची मासेमारीची मशीनची होडी आहे. त्याने दुपारी भरतीला यायला सांगितलं. आई नवी निळी साडी नेसून, माझ्या हातात छत्री देऊन धक्क्यावर आली. धक्का अर्धा ढासळलाय, दगडांवर शेवाळ धरलंय, टोकाला जाळी वाळत घातलेली होती.

"आजी, बोट लागता काय तुका?" तो होडीवाला म्हणाला.

"माका काय्येक लागना नाय. तू बोट लाव आधी," आई म्हणाली, आणि त्याचा हात धरून चढलीसुद्धा.

मी मागोमाग पाय टाकणार, तर तिने हात आडवा केला. "तू खंय? तू हयंच रव. धक्क्यार कोणतरी नको? छत्री उघड."

म्हणून मी एकटी त्या धक्क्यावर छत्री घेऊन उभी राहिले. मशीन धडधडत होडी बाहेर गेली. निळी साडी मला बराच वेळ दिसत होती. मग ठिपका झाला. खिशात मोबाईल टुणटुण वाजत होता, म्हणून काढून बघितला. ग्रुपवर निळ्या पाण्याचे फोटो येत होते, आणि त्यांच्याखाली भाचीने लिहिलं होतं की बाबा कालपासून केबिनमध्ये आडवे आहेत, त्यांना बोट लागली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग लाज वाटली, आणि मी छत्री आणखी उंच धरली.

अर्ध्या तासाने होडी परत आली, धक्क्याला लागली. मी आईला हात देऊन वर घेतलं. तिच्या तोंडावर खारं पाणी उडालं होतं. ते तिने पदराने पुसलं.

"दिसला?" मी विचारलं.

"धक्को दिसलो," ती म्हणाली. "छत्री दिसली. तू नाय दिसलंस." मग म्हणाली, "तेवा छत्रीखालचो माणूस पण दिसा होतो."

गेल्या वर्षी आणलं असतं तर मीही दिसले असते. दोन वर्षांपूर्वी तर नक्कीच. भावाला फोन लावून हे त्याच्या कानात ओरडून सांगावंसं वाटलं, नंबरही काढला. पण फोन लावला नाही. त्या ग्रुपवर तो पोल अजून आहे, आणि बेटाच्या खाली माझंही नाव आहे.