सड्यावरचं गाऱ्हाणं

आमच्या घोडपदेवच्या चाळीत भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहाचा कप घेऊन उठतो. अंगारे, नजर, कौल — सगळ्याची टिंगल करणारा मी. तरी हे लिहितोय... कारण घरात सांगायची सोय नाही.

बाबांना काचबिंदू. नजर झपाट्याने चाललीय, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबांचं एकच मागणं — लहानपणी गावच्या रानात पाहिलेले गवे पुन्हा एकदा बघायचे. म्हणून आम्ही बापलेक आंबोलीच्या वर, दरीच्या कडेला मोकळ्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तंबू ठोकून राहिलो. सोबतीला खालच्या वाडीतले तुकारामकाका. गवे तिथे हमखास दिसतात म्हणे, पण धुकं असं की तंबूची दोरीही दिसेना! बाबा तक्रार करत नव्हते, त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं.

परतायच्या सकाळी काका पाणी आणायला खाली उतरले. बाबांनी चपला काढल्या, दरीकडे तोंड करून हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्यात कुठल्याही कामाआधी देवाला असं साकडं घालतात आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. चाळीच्या पूजेला सगळे म्हणतात. मी कधीच नाही, मला हसू येतं.

"बा देवा म्हाराजा... ह्या रानाच्या राखणदारा... माझे डोळे जावच्या आदी तुझे गवे माका एकदा दाखव रे म्हाराजा!"

या वेळी हसू आलं नाही. मी बाबांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिलो, तोंड मिटूनच.

"व्हय म्हाराजा!"

दरीकडून आला आवाज. एकाचा नव्हे — आख्खी चाळ जमल्यासारखा, खणखणीत. आणि धुकं विरलं... समोर, सड्याच्या कडेलाच कळप! काळेभोर अंग, पांढरे पाय, एक पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं. बाबा रडत रडत हसत होते. माझा दंड धरून म्हणाले, "शेवटी तोंड उघडलंस रे!"

दरीकडे कुणी माणसं होती का, असं काकांना नंतर हळूच विचारलं. ते म्हणाले, "त्या अंगाक माणूस खंयसून येतलो? सरळ कडो आसा."

प्रतिध्वनी म्हणावा, तर बाबांनी ते शब्द उच्चारलेच नव्हते. आणि मीही नाही.

आता बाबांना जेमतेम उजेड कळतो, पण स्वारी खुशीत असते. गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गव्यांबद्दल थोडं आणि माझ्या आवाजाबद्दल भरपूर सांगतात. मी नुसता 'हं' म्हणतो.

यंदाच्या पूजेला मात्र त्यांच्या शेजारी बसून मी खरोखर ओरडलो, अगदी बेंबीच्या देठापासून. बाबांनी कान देऊन ऐकलं.

"बरा," ते म्हणाले. "पण सड्यावर ह्याच्यापेक्षा मोठ्यान वराडललंस."