शेजारच्या आजींची आंघोळ

झरीला आम्ही भाड्याने राहायला गेलो, तेव्हा आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. आमचे हे विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. रविवारी आम्ही दोघं घरातच प्रार्थना करायचो. शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जायचं, हीच आपली साक्ष, असं माझे वडील सांगायचे. तेवढं मी जमेल तसं करायचे.

गल्लीच्या टोकाला मेंढरं राखणाऱ्यांचं घर होतं. मुलगा-सून कळप घेऊन लांब रानात, आणि घरी आजी एकट्या. पाय घसरून पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून त्या बाजेवरच होत्या. भाकरी कुणी ना कुणी आणून द्यायचं, पण अंग पुसायला कुणी नव्हतं. मी एकदा ताक घेऊन गेले तर दारातच वास आला. पाठीला जखमा झाल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी जायला लागले. पाणी कोमट करायचं, त्यात मीठ टाकून जखमा धुवायच्या, लुगडं बदलायचं, केस विंचरायचे. हे करताना मी मनातल्या मनात प्रार्थना करायचे. ओठ हलत असतील.

एका दुपारी चार-पाच जण आमच्या दारात आले. आमचे हे येलदरीकडे कामाला गेलेले. एकाने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"म्हातारीला काय पाजायलात तुमी?"

"काही नाही. आंघोळ घालते."

"कसलं पाणी हाय ते? मंतरून नेता म्हणं. धर्म बाटवायलात का?"

त्यांच्यातला एक तर आमच्या ओळखीचा होता, याच घरी मोटार दुरुस्तीला टाकून चहा पिऊन गेलेला. तो खाली बघत होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली. जाताना एक जण म्हणाला, "उद्यापासून तिकडं दिसू नका. नंतर काय झालं तर आमाला म्हणू नका."

मी कडी लावली आणि संध्याकाळपर्यंत उघडली नाही. हे आल्यावर सगळं सांगितलं. त्यांनी हत्यारांची पिशवी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, "गाव सोडायचं म्हणलीस तर सोडू. मला बी भ्या वाटायलंय."

सकाळी पाणी तापवायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण ऊन वर आलं तसा जीव राहीना. आजी ओल्यातच पडून असणार. शेवटी पाणी तापवलं, मीठ टाकलं आणि बादली उचलली. हे बरोबर येतो म्हणाले, पण आंघोळीच्या ठिकाणी गडीमाणूस कसा न्यायचा? एकटीच निघाले. चालताना निम्मं पाणी पायावर सांडलं. चहाच्या हॉटेलसमोर बोलणी एकदम थांबली. मागून चपलांचा आवाज यायला लागला. वळून बघायची हिंमत झाली नाही.

आजींच्या दारात पोचले तर मागे तोच, आमच्या ओळखीचा. उंबऱ्यात उभा राहिला. मला वाटलं, आता हा बादली लाथाडणार. त्याने वाकून पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"खारं हाय," तो म्हणाला.

"मीठ आहे. जखमेसाठी," मी म्हणाले.

बाजेवरून आजी ओरडल्या, "कोण हाय रं त्यो? बाईमाणसाची आंघूळ बघायला आलास व्हय? येतोस तर ये, पाय धर माझा. न्हाईतर हो भाईर!"

तो बाहेर गेला, पण दाराशीच उभा राहिला. मी आजींना कुशीवर वळवलं. पाठ धुताना त्या कण्हल्या आणि म्हणाल्या, "पोरी, रोज काय पुटपुटतीस ते आज जोरात म्हण. लय दुखायलंय."

दाराबाहेर त्याची सावली दिसत होती. मोबाइल चालू असेल तर? मी हळूच म्हणाले, "आजी, नको आज."

"मी म्हणते ना, म्हण!"

मी म्हणाले. अडखळत, अगदी थोडंसं: प्रभू, या माउलीची वेदना कमी कर, तिच्या लेकरांना सुखरूप घरी आण. आमेन म्हणाले तेव्हा माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता.

बाहेर आले तेव्हा तो तिथंच होता. "झालं का?" एवढंच विचारून समोरून बाजूला झाला. तो पाळत ठेवत होता की राखण करत होता, ते मला अजून कळलेलं नाही. हॉटेलपर्यंत तो माझ्या मागून आला. तिथे कुणी मला अडवलं नाही.

महिनाभराने मुलगा-सून परतले आणि आजींचं सगळं सुनेनं हाती घेतलं. मीठ किती टाकायचं ते मी तिला दाखवलं. आमच्या दारात काढलेला तो व्हिडिओ मात्र गावात फिरलाच. काही बायकांनी माझ्याशी बोलणं सोडलं, काहींनी लपूनछपून आपली दुखणी सांगायला सुरुवात केली. आम्ही झरी सोडली नाही. पण आजही कुणाच्या घरी मदतीला निघाले की आधी मी दार किलकिलं करून गल्लीत दोन्हीकडे बघते.