जावयाच्या मापाची बंदूक

आमच्या घरात रायफल निवडायची होती तेव्हा वर्षभर माझं मत विचारलं गेलं आणि घ्यायच्या दिवशी माप जावयाचं घेतलं. या गोष्टीचा राग मला अजून येतो. वय वाढलं की माणूस निवळतो, असं मला बऱ्याच जणांनी सांगून झालंय. मी निवळलेली नाही, आणि निवळावं असं मला वाटतही नाही.

मुलुंडच्या दोन खोल्यांत रायफल कशाला, असं शेजारपाजारचे विचारायचे. रायफल मुलुंडसाठी नव्हतीच. बाबा इथल्या एका कारखान्यात फोरमन होते, पण तळकोकणात घाटाच्या पायथ्याला आमची भातशेती होती आणि ती काका-काकी कसत. भात पिकायला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरत. डुकरं खातात थोडं आणि लोळून, तुडवून नासधूस करतात जास्त. एका रात्रीत वर्षाचं खाणं चिखलात जातं. काकांचा उजवा हात तरुणपणीच उसाच्या चरकात सापडून कामातून गेलेला. त्यामुळे पीकरक्षणाचं बंदुकीचं लायसन आजोबांनंतर बाबांच्या नावावर आलं. दरवर्षी वनखात्याची परवानगी काढायची, कापणीच्या हंगामात रजा टाकायची आणि रायफल घेऊन गावी जायचं, हा बाबांचा नेम. लोक गणपतीला गावी जातात, आम्ही डुकरांना जायचो.

मी कॉलेजात कॅडेट होते. तिथे नेमबाजी शिकले आणि माझा हात बरा निघाला. बाबांना कोण आनंद! तेव्हापासून ते मला बरोबर न्यायला लागले. ताईला बंदुकीचा आवाजसुद्धा सहन व्हायचा नाही, ती आईबरोबर मुलुंडलाच राहायची. माझं पहिलं डुक्कर मी बाबांच्या शेजारी शेतातल्या खोपीत बसून मारलं, त्या दिवशी काकीने मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली होती. मला वाटलं, झालं, आता हे काम माझं.

मग बाबांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. घाटकोपरच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की बाजूचं दिसणं गेलंय ते परत येणार नाही, समोरचं आहे तेवढं टिकवू. त्याच सुमाराला आमच्या जुन्या रायफलीची नळी झिजून गोळी भलतीकडेच जायला लागली. तेव्हा नवी रायफल घ्यायची आणि ती पुढे कुणीतरी दुसऱ्याने चालवायची, हे घरात न बोलता ठरलं. हा दुसरा माणूस कोण, हे कुणी उच्चारलं नाही. उच्चारायची गरज आहे असं मला तरी वाटलं नाही.

त्या वर्षी संध्याकाळी बाबा कामावरून आले की चहा घेऊन गॅलरीत बसायचे आणि मला हाक मारायचे. आई आतून ओरडायची, "झाली का सुरू कचेरी!" आमची खरंच कचेरी भरायची. थ्री फिफ्टीनच्या गोळीची घ्यावी की थर्टी ओ सिक्सच्या? बाबांचा ओढा जास्त जोराच्या थर्टी ओ सिक्सकडे. गवा आला समोर तर, म्हणायचे. मी म्हणायचे, "बाबा, गव्याला हात लावलात तर सरळ आत जाल. शिकार बंद होऊन किती वर्षं झाली? आपल्याला डुक्कर मारायचंय आणि तेही पन्नास पावलांच्या आतलं. थ्री फिफ्टीन भरपूर झाली. काडतुसं आपल्याकडे बनतात, कधीही मिळतील. परदेशी गोळीची घेतलीत तर रायफल कपाटात आणि तुम्ही काडतुसांसाठी दुकानोदुकानी."

बाबा हसायचे. म्हणायचे, "वकील व्हायला हवी होतीस."

बोल्टबद्दल आमचं एकमत होतं. बोल्ट म्हणजे हाताने मागे ओढून पुढे ढकलायची ती दांडी. एक काडतूस बाहेर, दुसरं आत. चिखलाच्या, ओलसर हवेत तिच्याइतकं बिनतक्रार दुसरं काही चालत नाही. नळी आखूड हवी, कारण खोपीला लावलेल्या माडाच्या झापांच्या भोकातून लांब नळी फिरवता येत नाही. दुर्बीण नको. संधिप्रकाशात जवळचं जनावर दुर्बिणीत नुसतं काळं भरून राहतं, ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेच कळत नाही. त्यापेक्षा नळीच्या टोकाची, नेम धरायची माशी जाड घ्यावी, तिला पांढरा ठिपका द्यावा. वजन बेताचं. आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, चालवणाऱ्याच्या हाताच्या मापाने कापून घ्यावा. दस्ता लांब पडला की रायफल खांद्यात बसत नाही, धक्का हाडावर येतो आणि माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. हे सगळं मी बोलायचे आणि बाबा मान डोलवायचे. त्या मान डोलवण्यावर मी विश्वास ठेवला.

तेवढ्यात अधिक महिना आला. ताईचं लग्न होऊन वर्ष झालेलं, जावयाचा पहिलाच अधिक. भावोजी विलेपार्ल्याचे, बँकेत नोकरी, स्वभावाने गरीब. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं. अनारसे, चांदीचं तबक, दिवा, धोतर, ऐपतीप्रमाणे जे काय ते. आईने अनारशाचं पीठसुद्धा भिजवलं होतं. आणि एका रविवारी सकाळी बाबांनी जाहीर केलं की फोर्टातल्या दुकानात रायफल बघायला जायचंय, जावईबापूही येणार आहेत.

मला वाटलं, सोबत म्हणून येत असतील.

दुकानात बाबांनी आधीच बोलून ठेवलेलं होतं. दुकानदाराने काढली ती थ्री फिफ्टीन नव्हतीच. कुठल्याशा संस्थानिकाच्या घरातून आलेली थ्री सेव्हन्टी फाइव्ह, अक्रोडाच्या लाकडाचा चकचकीत दस्ता, लांब नळी, वर भलीमोठी दुर्बीण. वाघ-गव्याची बंदूक. जड एवढी की भावोजींनी हातात घेतल्यावर ते किंचित पुढे झुकले.

"खांद्याला लावा, जावईबापू," बाबा म्हणाले.

भावोजींनी घाबरत घाबरत लावली. दुकानदाराने त्यांच्या कोपरापासून बोटापर्यंत टेप धरला आणि म्हणाला, दस्ता साहेबांना किंचित आखूड पडतो, मागे रबराची गादी लावून वाढवून देतो. भावोजी सहा फुटी. मी पाच फूट आणि वर थोडी.

"बाबा," मी म्हटलं, "माप कुणाचं घेताय?"

"थांब गं जरा," बाबा म्हणाले. दुकानदाराकडे वळून हसले. "आमची धाकटी. हिला यातलं सगळं कळतं."

सगळं कळतं! हे शब्द मला थोबाडीत मारल्यासारखे लागले. कळतं म्हणून तर तुम्ही वर्षभर माझं डोकं खाल्लंत. कळतं म्हणून तर मी बोलत राहिले. तिथे त्या काचेच्या कपाटांसमोर मी काही बोलले नाही, कारण भावोजी बिचारे घामाघूम झाले होते आणि त्यांचा काही दोष नव्हता.

घरी आल्यावर मात्र मी सोडलं नाही. जेवणं झाल्यावर भावोजी पार्ल्याला गेले आणि मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"रायफल कोण चालवणार?"

"जावईबापू. लायसनवर वापरणारा म्हणून त्यांचं नाव घालायचा अर्ज देतोय. घरात एक पुरुषमाणूस हवा ना गं त्याला."

"त्यांनी आयुष्यात दिवाळीत टिकलीसुद्धा फोडली नसेल."

"शिकतील. शिकवेन मी."

"आणि मी?"

बाबा थोडे ओशाळले. ते वाईट नव्हते, याचाच तर मला जास्त संताप येतो. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. ते म्हणाले, "तू काय, आज ना उद्या लग्न होऊन जाशील. बंदूक घरात राहायला हवी."

"मग भावोजी कुठून आले? ते पण लग्न होऊनच आलेत ना या घरात?"

आई आतून म्हणाली, "पुरे आता. जावयाचं वाण आहे, त्यात अपशकुन नको." म्हणजे आईलाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. डुकरांसाठी घ्यायची रायफल बाबांनी जावयाला शोभेल अशी घेतली होती. वाणात चांदीचं तबक देतात, तसं हे देणं. तबक मात्र माणूस कपाटात ठेवतो, त्याच्याकडून भात राखून होईल अशी अपेक्षा कुणी करत नाही.

अधिकाच्या शेवटच्या आठवड्यात भावोजींना पाटावर बसवलं, आईने ओवाळलं, अनारसे दिले आणि रायफलीला हळदकुंकू वाहून ती त्यांच्या मांडीवर ठेवली. फोटो काढला. ताई तेवढी माझ्याकडे बघत नव्हती. मी वाढायला उभी होते. वाढप मी नेहमीच चांगलं करते, सगळे म्हणतात.

कापणीला भावोजी दोन दिवसांची रजा काढून बाबांबरोबर गावी गेले. मी गेले नाही, मला कुणी चल म्हटलं नाही. तिथे काय झालं ते ताईने मला सांगितलं. सराव म्हणून पडीक जमिनीवर डबा ठेवला. भावोजींनी डोळा दुर्बिणीला अगदी टेकवून चाप ओढला. थ्री सेव्हन्टी फाइव्हचा धक्का म्हणजे काय असतो हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. दुर्बिणीची कडा भुवईत घुसली. सावंतवाडीला नेऊन टाके घालावे लागले. ते तसेच पार्ल्याला परतले आणि ताईला म्हणाले, तुझ्या वडिलांना सांग, मला मारायचंच असेल तर सरळ सांगा. मला हसू आलं. नंतर वाटलं, या माणसालाही कुणी विचारलं नव्हतं, बंदूक हवी का म्हणून. त्यांनाही पाटावर नुसतं बसवलंच होतं.

बाबा दोन दिवसांनी रायफल घेऊन मुलुंडला परतले ते मला न्यायला. भात अजून उभं होतं, डुकरं रोज येत होती. चहा घेऊन गॅलरीत बसले आणि जुन्या सवयीने मला हाक मारली.

"चल माझ्याबरोबर," म्हणाले. "मी मारतो. तू नुसतं शेजारी बस आणि डुक्कर कुठून येतंय तेवढं सांग. मला बाजूचं दिसत नाही गं."

"रायफल मी धरते," मी म्हटलं. "दस्ता घाटकोपरचा सुतार एका दिवसात कापून देईल. दुर्बीण काढून टाकू. आणि लायसनवर माझं नाव घाला. अर्ज आज द्या, मंजूर होईल तेव्हा होऊ दे. मी उद्याच्या गाडीने निघते."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जावयाचं नाव दिलंय. ते काढून मुलीचं घालायचं, म्हणजे त्यांच्या घरी काय वाटेल? त्यांना वाण म्हणून दिलेली वस्तू आहे ती."

"मग त्यांनाच घेऊन जा."

"तू येत नाहीस?"

"डोळे माझे आणि बंदूक जावयाची, हे नाही जमायचं बाबा."

ते एकटे गेले. लोक मला म्हणतात, तू जायला हवं होतंस, वडील होते ते, डोळ्यांनी अधू. सगळ्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलंय. बाबांना दोन वाटा होत्या, एका कागदावर माझं नाव घालायचं किंवा अर्ध्या नजरेने अंधारात गोळी झाडायची. त्यांनी दुसरी निवडली. जावयाच्या घरच्यांना काय वाटेल, हे त्यांना जास्त महत्त्वाचं वाटलं. यात माझा अपराध कुठे बसतो ते मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

तार आली आणि मी गेले. झालं होतं ते असं. दिवेलागणीला भातात काहीतरी काळं हललं. बाबांनी दुर्बिणीतून बघितलं, दुर्बिणीत नुसतं काळं भरून राहिलं, आणि त्यांनी चाप ओढला. नेम चुकला नाही. दाव्याचा खुंटा उपटून काकीची म्हैस भातात शिरली होती. गाभण होती. वाघ-गव्याची गोळी, जागच्या जागी पडली.

मी पोचले तेव्हा बाबा ओटीवर बसून होते.  काका नांगर टाकायच्या खोलीत जाऊन बसले होते. काकी गोठ्याच्या दारात उभी. रडून रडून तिचा आवाज बसला होता. गावात सगळे म्हणत होते, बिचाऱ्याचे डोळे गेले, तो तरी काय करणार. त्या सगळ्या बिचाऱ्यांमधून वाट काढत मी काकीजवळ गेले. माझी दृष्ट काढणारी हीच बाई. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बाबांना तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. जावयाचं तर कुणी नावही काढलं नव्हतं.

"आणि तू खंय होतंस गो?" ती म्हणाली.

बंदूक घेताना, माप घेताना, नाव घालताना ज्या घराने मला विचारलं नव्हतं, ते आता मला विचारत होतं.

"मुलुंडाक," मी म्हटलं, ओटीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "बंदूक जावयाची आसा, काकी. जावयाक इचार."