वजाबाकी बरोबर होती

एनिड हेपवर्थला फसवणं सोपं नव्हतं, आणि हे इंग्लंडातल्या बार्न्स्लीजवळच्या त्या खाणवस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात मापं सांभाळली होती. गॅसचं बिल आलं की ती चष्मा पुसायची, विजेरी घेऊन जिन्याखालच्या कपाटात शिरायची आणि मीटरवरचा आकडा बिलाशी ताडून बघायची. मग त्यातून मागचा आकडा वजा करायची. जुनी बिलं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्षांप्रमाणे लावलेली असत. बिलाच्या पाठीमागचा बारीक अक्षरातला मजकूर मात्र तिने जन्मात वाचला नाही. ते वकिलांसाठी असतं, असं तिचं म्हणणं.

नवरा विल्फ खाणकामगार, नाकासमोर चालणारा माणूस. चौऱ्याऐंशीच्या संपात वर्षभर घरात सूप आणि शिळा पाव खाऊन राहिला, पण साथीदारांना सोडून खाणीच्या फाटकात पाऊल टाकलं नाही. पुढे खाणच बंद पडली आणि विल्फ छातीत कोळशाची धूळ घेऊन घरी बसला. त्या छातीला ऊब लागायची. आधी शेगडीत खाणीकडून मिळणारा कोळसा जळायचा. पुढे बादल्या उचलवेनात, तेव्हा त्यांनी गॅसवर घर तापवायची सोय करून घेतली.

एका सप्टेंबरात कंपनीचा माणूस आला आणि जुना मीटर काढून नवा बसवून गेला. एनिडने त्याला चहा पाजला आणि नव्या मीटरवरचा पहिला आकडा लिहून घेतला. डिसेंबरात बिल आलं तीनशे ब्याऐंशी पौंडांचं. डब्यातलं गेल्या वर्षीचं, त्याच तीन महिन्यांचं बिल होतं एकशे पस्तीसचं. तिने पुन्हा कपाटात जाऊन मीटर पाहिला. आकडा जुळला. वजाबाकी केली. गेल्या वर्षी एकशेवीस युनिट, यंदा तीनशेचाळीस. वजाबाकी बरोबर होती, आणि घात तिथेच झाला. बेरीज-वजाबाकी जुळली की तिला दुसरं काही तपासायची गरज वाटत नसे. गॅस तिप्पट जळलाय, एवढं तिच्यापुरतं सिद्ध झालं, आणि घरात तिच्याखेरीज माणूस एकच होता.

"मी दुकानात गेले की तू हीटिंग वाढवतोस ना?"

"हात नाही लावला गं."

"मग गॅस काय भुतं पितात?"

"मला काय विचारतेस? मीटरला विचार."

"त्यालाच विचारून आलेय. तो खोटं बोलत नाही."

विल्फला आधी हसू आलं. तिचा चेहरा पाहून ते विरलं. "एनिड," तो म्हणाला, "खाणीच्या साहेबांशी मी हजारदा खोटं बोललो असेन. तुझ्याशी नाही."

"म्हातारपणी लाज सोडलीस," ती म्हणाली. भिंतीवरचं हीटिंगचं बटण तिने उपसून काढलं आणि पर्समध्ये टाकलं. तेव्हापासून सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. बाकी वेळ विल्फ कोट-टोपी घालून खुर्चीत बसायचा, खोकायचा, गुडघ्यांवर घोंगडी ओढायचा.

जानेवारीत ती दर सोमवारी मीटर बघून आकडा लिहून ठेवायला लागली. घर गारठलेलं, श्वासाची वाफ दिसते आहे, तरी युनिट गेल्या वर्षीपेक्षा जास्तच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "आता काय, पक्कड लावून फिरवतोस?" ती कडाडली. दुपारी ती चर्चमधून परत आली तर त्याने खुर्ची ओढत ओढत खिडकीशी नेली होती, खोलीतल्या रेडिएटरच्या उबेपासून सगळ्यात लांब. आता तरी बाईला संशय नको, एवढाच त्याचा हिशेब. एनिडला वाटलं, म्हातारा रुसलाय. रुसू दे, असंही वाटलं.

फेब्रुवारीत त्याला न्यूमोनिया झाला. पाच दिवस इस्पितळात काढले, सहाव्या दिवशी गेला. डॉक्टरांनी जुन्या छातीला बोल लावला, वस्तीनेही तेच म्हटलं. अंत्यविधीनंतर खाणकामगारांच्या क्लबात हॅम सँडविच आणि बिअर झाली, आणि एनिड ताठ मानेने सगळ्यांचा निरोप घेऊन घरी आली.

मार्चमध्ये पेन्शनचे कागद भरायला लोरेन आली. विल्फच्या साथीदाराची मुलगी ही, नगरपालिकेत कारकून. टेबलावर गॅसचं नवं बिल होतं. लोरेनने सवयीने ते उलटं केलं.

"एनिडमावशी, तुमचा मीटर जुना आहे का हो?"

"सप्टेंबरात नवा बसवलाय."

"मग इथे दोन पूर्णांक त्र्याऐंशीने गुणलंय कशाला?" लोरेन उठली, विजेरी घेऊन कपाटात डोकावून आली. "हा घनमीटरचा आहे. जुना शंभर-शंभर घनफुटांचं एक युनिट धरणारा असणार. आधी किटल्या मोजायचे, मावशी, आता कप मोजतात. गॅस तेवढाच, कप मात्र तिप्पट दिसणार. आणि कंपनीच्या कागदावर अजून किटल्याच आहेत, म्हणून पैसेही तिप्पट. अहो, ढिगाने परत मिळतील तुम्हाला!"

एनिडने डब्यातली दोन्ही बिलं आणि सोमवारच्या आकड्यांचा कागद काढून शेजारी शेजारी ठेवला.

"म्हणजे डिसेंबरात गॅस किती जळला होता?"

"गेल्या वर्षीइतकाच. बरोब्बर तेवढाच."

"आणि जानेवारीत?"

"निम्म्याहून कमी," लोरेन म्हणाली, आणि मग तिला टेबलापलीकडचा चेहरा दिसला. तिने घाईघाईने कंपनीला फोन लावून एनिडच्या हातात दिला.

पलीकडची मुलगी गोड बोलणारी होती. तिने नोंदी पाहिल्या, चूक मान्य केली, गैरसोयीबद्दल क्षमा मागितली. पैसे परत करायला काहीच अडचण नव्हती, फक्त खातं मिस्टर विल्फ्रेड हेपवर्थ यांच्या नावावर होतं.

"जरा त्यांना फोन देता का? त्यांनी स्वतः एकदा सांगितलं की झालं."

लोरेन फोन घ्यायला पुढे झाली. एनिडने दिला नाही.

"त्याने दोनदा सांगितलं गं पोरी," ती म्हणाली. "मीच ऐकलं नाही."